शांताक्का आणि पूर्णिमाच्या गोळ्या

आमच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. घरी जाऊन चपला काढेपर्यंत दोन तरी झालेले असतात! नगर जिल्ह्यात देहविक्री करणाऱ्या बायकांच्या आरोग्याचं काम आमच्याकडे आहे. म्हणजे कागदावर माझ्याकडे, खरं काम शांताक्काचं. ती स्वतः वीस वर्षं धंद्यात होती, आता आमची कार्यकर्ती. तिच्या तोंडापुढे भलेभले गार!

माझा पहिला दिवस, तिसगाव. दहा-बारा जणींसमोर मी कंडोमवर भाषण सुरू केलं. दोनच मिनिटांत अक्काने विचारलं, "ताई, लगीन झालंय का तुमचं?"

"नाही."

"मग बसा. च्या घ्या. मी सांगते."

शेवगावला तपासणीचं शिबिर ठेवलं, सकाळी नऊला. डॉक्टर आले, नर्स आली, बॅनर लागला, बाई एक नाही! डॉक्टर माझ्यावर भडकले. अक्का बाराला डोळे चोळत उगवली. "सायेब, तुमाला कुनी रातच्या दोनला बीपी तपासायला बोलावलं तर याल का? आमची आत्ता सकाळ झालीया." शिबिर दुपारी दोनला सुरू झालं. रांग पार रस्त्यापर्यंत.

मग पूर्णिमा आली. मूळची बंगालची, पाथर्डीत खोली घेऊन राहायची. खोकून खोकून बेजार. दवाखान्यात नेलं तर क्लार्क म्हणतो, "नवऱ्याचं नाव सांगा, त्याशिवाय केसपेपर नाही." मी अशी तापले! भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात पूर्णिमाच शांतपणे म्हणाली, "पेन्सिल से लिखो साहब, रोज बदलता है." क्लार्कने तो रकाना कोराच सोडला.

टीबी निघाला. सहा महिने रोज गोळ्या, मध्ये खंड पडला तर दुखणं उलटणार. अक्का रोज जाऊन समोर बसायची, गोळी पोटात गेल्याशिवाय उठायची नाही.

चार महिने नीट गेले आणि एका दुपारी खोलीवर धाड पडली. पूर्णिमाला ठाण्यात नेलं. मी आणि अक्का धावत पोचलो, तर तिथले साहेब म्हणाले, "हिला आजच गाडीत बसवून गावी पाठवतो." चार महिन्यांच्या गोळ्या पाण्यात! मी कायदा सांगायला लागले. ती सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने राहते, औषध चालू आहे, तिला असं हाकलता येत नाही. साहेब मोबाईलमधून मान वर काढेनात. "मॅडम, मला कायदा शिकवू नका," एवढं बोलले आणि खोकायला लागले. थांबेचनात.

अक्का पुढं सरकली. "सायेब, किती दिस झालं खोकल्याला?"

"असतील... तीनेक आठवडे."

"रातचा घाम येतो? वजन उतरलंय?"

शेजारचा हवालदार हळूच दोन पावलं मागे झाला.

अक्काने पिशवीतून प्लास्टिकची डबी काढली आणि टेबलावर ठेवली. "उद्या सकाळची पयली थुंकी यात द्या. न्यायला पूर्णिमाच येईल."