देवाला लावलेली फुलं आणि जीपचं इंजिन

आमच्या जीपचं इंजिन गेलं, तेव्हा मला वाटलं, महिनाभरात दुसरं येईल. पण आमच्या यांनी मुलाचं लग्न ठरवायला घेतला नव्हता एवढा वेळ इंजिन ठरवायला घेतला. दर रविवारी आम्ही त्या जीपनं मोडनिंबच्या शेतावर जायचो. ती थांबली तसे हेही थांबले. भवानी पेठेतलं दुकान मुलाच्या हाती दिलेलं, त्यामुळे दिवसभर खुर्चीत. इंजिन कुठलंही येवो, जीप चालू होऊन हा माणूस घराबाहेर पडला पाहिजे, एवढंच माझं मागणं होतं.

पर्याय दोनच होते. एक पेट्रोलचं, कोरं, लाकडी खोक्यात बंद होऊन येणारं. दुसरं डिझेलचं, मोडीत काढलेल्या गाडीतलं, पण दणकट. सात रस्त्याजवळच्या गॅरेजवाल्या चाचांनी मला दोन्हींचे गुण-अवगुण सांगितले. पेट्रोलचं हलकं, शांत, क्लचही मऊ. डिझेलचं ओढायला जबरदस्त, पण क्लच दाबायला मांडीत जोर हवा. हे मात्र पेट्रोलला म्हणायचे, चढाला दम टाकेल. डिझेलला म्हणायचे, आवाजानं डोकं उठेल. मोडनिंबच्या रस्त्याला चढ कुठं आहे, असं मी विचारलं की यांना ऐकूच यायचं नाही.

शेवटी मी वैतागले. नाचता येईना अंगण वाकडं, असं तोंडावर म्हणाले. यांनी देवघराकडे पाहिलं. मग म्हणाले, देवालाच विचारू.

आमच्याकडे एखादी गोष्ट अडली की देवाला दोन ओली फुलं लावून कौल घेतात. उजवीकडचं आधी पडलं तर पेट्रोल, डावीकडचं पडलं तर डिझेल, असं ठरलं. फुलं यांनीच लावली. संध्याकाळ झाली, दुसरी सकाळ उजाडली, फुलं जागची हलेनात. हे खुशीत. देवाला बी घाई न्हाय म्हणे. मी पूजेला बसले आणि उजवं फूल उचलायला गेले, तर ते निघेना. मागं गंधाचा हा एवढा गोळा. डाव्यामागंही तसाच. मला हसू आवरेना. उभ्या जन्मात गिऱ्हाइकाला फसवलं नाही, आणि निघाले देवाला फसवायला!

हसतहसतच मी ती फुलं त्यांच्यापुढे धरली. ते हसले नाहीत. डाव्या गुडघ्यावर हात ठेवून खाली बघत राहिले.

“क्लच दबत न्हाय गं आता,” ते म्हणाले. “लई दिवस झालं. इंजिन आलं की गाडी चालवावी लागंल की.”

मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. एवढी गोष्ट माझ्यापासून लपवायची? मग मी म्हटलं, मी चालवते. मुलाची गाडी मी गावभर फिरवते, पण जीपच्या स्टिअरिंगला यांनी मला कधी हात लावू दिला नव्हता. यांचा चहा झाला, पेपर वाचून झाला. मग टोपी घातली आणि चल म्हणाले.

गॅरेजात चाचांनी पुन्हा डिझेलची ताकद सांगायला घेतली. यांनी त्यांना मधेच थांबवलं.

“ते खोक्यातलं मागवा,” हे म्हणाले, “अन् क्लच हलका ठेवा. पाय हिचा हाय.”