टायर वाचणारे दाजी

अख्ख्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत माणूस ओळखण्यात आमच्या दाजींचा हात धरणारा कुणी सापडायचा नाही. अट एकच, त्या माणसाकडे चारचाकी पाहिजे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राहायला वालचंदनगरला, क्वार्टरमध्ये. नात्यात कुठं मुलगा बघायला जायचं ठरलं की दाजींना घेतल्याशिवाय आमची वरात हलत नाही. बाकीची मंडळी आत बसून पोहे खातात, नोकरी पक्की आहे का, ऊस किती, पाणी कुठलं, असं विचारत बसतात. दाजी तेवढ्यात अंगणात मुलाच्या गाडीपाशी उकिडवे बसून टायरवरून बोटं फिरवत असतात. माझ्या मुलीच्या वेळी कऱ्हाटीला गेलो होतो. दाजींनी गाडीला प्रदक्षिणा घातली, हात झटकले आणि भर बैठकीत येऊन सांगितलं, "चारी टायर सारखं झिजल्यात. ब्रेकवर नाचणारा गडी न्हाय. द्या पोरगी." मुलाचे वडील आ वासून बघत राहिले. पोरगी दिली, ती सुखात आहे. त्याआधीचं एक स्थळ मात्र दाजींनी बाहेरच्या बाहेर नाकारलं होतं. कारण काय, तर पुढच्या टायरांच्या कडा खाल्लेल्या. "वळणात घुसल्यावर ह्याला आठवतंय की वळण हाय. संसारात बी असंच करंल."

ही विद्या त्यांना ट्रॅकवर मिळाली. इंदापूरच्या अलीकडं माळावर एका हौशी माणसानं वळणावळणाचा डांबरी ट्रॅक बांधला आहे. महिन्यातल्या एका रविवारी तिथं कुणीही आपली गाडी न्यावी आणि मनसोक्त पळवावी. शर्यत नाही, नंबर नाही, बक्षीस नाही. "आन् मग जायाचं कुठं?" असं अक्कानं पहिल्यांदा विचारलं तेव्हा दाजी म्हणाले होते, "कुठंच न्हाय. फिरून तितंच." अक्कानं कपाळाला हात लावला. तरी दर खेपेला दशम्यांचा डबा बांधून ती बरोबर जायची, लिंबाच्या सावलीत पदर डोक्यावरून घेऊन बसायची आणि गाडी समोरून गेली की गाडीलाच ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "बंद करा आता ह्यो येडेपणा. वय काय, चाललंय काय!"

दाजींची गाडी जुनी, रंग उडालेली, पण तिच्या टायरांची बडदास्त जावयासारखी. हवा मोजायची ती उन्हं यायच्या आत, टायर गार असताना. ट्रॅकवर थोडं पळवलं की टायर तापतो, आतली हवा फुगते, टायर टणक होऊन नुसत्या मधल्या पट्ट्यावर चालायला लागतो आणि पकड जाते. म्हणून निघताना हवा जरा कमीच ठेवायची आणि बाहेर आल्या आल्या पुन्हा मोजायची. टायरच्या कडेला खडूची रेघ ओढायची आणि ती कुठपर्यंत पुसली गेली ते बघायचं. फार पुसली तर टायर कडेवर लोळतोय, भरा हवा. उभ्या गाडीला एका बाजूनं ऊन लागलं तर त्या बाजूची चाकं तापून सगळं गणित बिघडतं, म्हणून उन्हाकडच्या टायरांवर गोणपाट झाकायचं. एकदा टायर गोणपाटाच्या सावलीत आणि अक्का उन्हात उभी, हे बघून मला हसू आवरलं नाही. त्यानंतर अक्का कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. दाजींशी बोलत होती.

पहिली फेरी ते कायम सावकाश मारायचे. "टायर गार हाय तवर त्याच्याकडं काय मागायचं न्हाय," असं म्हणायचे. घरातही हाच नियम होता. अक्काचा सकाळचा चहा पोटात जाईपर्यंत तिच्याकडे ते साधा टॉवेलसुद्धा मागत नसत.

दाजींना साखर आहे. गेल्या दिवाळीच्या सुमाराला ते दुकानातून घरी आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी फाटकाबाहेर रस्त्यात पडली होती. अक्कानं विचारलं तेव्हा त्यांनी खाली बघितलं आणि तेव्हा कुठं त्यांना ते समजलं. "पट्टा सैल झालाय," म्हणाले. मी जाऊन चप्पल आणली. पट्टा चांगला घट्ट होता. मग बारामतीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दाजींना डोळे मिटायला सांगितले, तळपायाला बारीक नायलॉनचा दोरा टोचत म्हणाले, "लागलं की सांगा." दाजी शहाण्या मुलासारखे डोळे मिटून सांगायची वाट बघत बसले. डॉक्टरांनी दोरा केव्हाच बाजूला ठेवला होता. मी खिडकीबाहेर बघायला लागलो, मला ते बघवेना.

गाडी नको म्हणायची हिंमत ना अक्काला झाली, ना मला. त्यांच्याजवळ दुसरं होतं काय? पुढच्या ट्रॅकच्या रविवारी आम्ही तिघं गेलो. पहिली फेरी नेहमीसारखी सावकाश झाली. नंतरच्या एका वळणावर, मी जिथं उभा होतो तिथंच, दाजींची गाडी करकरत आली, पुढच्या चाकांखालून धूर निघाला आणि पुढं चाललेल्या एका नवख्याच्या गाडीमागं जेमतेम हातभर अंतरावर ती थांबली. कुणाला काही झालं नाही. दाजी गाडी हळूहळू बाहेर घेऊन आले, उतरले आणि सवयीनं पुढच्या चाकाशी उकिडवे बसले.

जुन्या गाडीत ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाबला गेला की चाक फिरायचं थांबतं आणि टायरची एकच जागा डांबरावर खरवडत जाते. त्या टायरवर चपटे डाग पडले होते, एकाशेजारी एक. दाजी त्यांच्यावरून बोटं फिरवत राहिले. मग परक्याच्या गाडीबद्दल सांगावं तसं म्हणाले, "ह्यो माणूस पायानं ब्रेक मारंना. अंदाजानं मारतोय."

"दाजी, हुतंय एखाद्या वेळी," मी म्हणालो.

"टायर पकड सुटायच्या आदी वरडतोय तरी, पाव्हणं. पाय कायबी बोलला न्हाय."

ते उठले, किल्ली माझ्या हातात दिली आणि लिंबाखाली अक्काकडे गेले. "आवर. आजपासनं गाडी पाव्हणं चालवत्याल."

मला वाटलं, अक्का सुटकेचा श्वास टाकेल. तिनं आयुष्यभर हेच तर मागितलं होतं. ती डबा हातात धरून उभी राहिली आणि एकदम तिचे डोळे भरून आले. "अवो, एक फेरी मारा की अजून," ती म्हणाली. "हळू मारा. मी बसती संगं." इतक्या वर्षांत ती ट्रॅकवर कधी गाडीत बसली नव्हती.

दाजींनी मान हलवली. "न्हाय. पुढं माणसं असत्यात."

परत येताना गाडी मी चालवत होतो, दाजी डाव्या बाजूला, अक्का मागं. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं रखडत आम्ही निघालो होतो. दाजी मान खाली घालून आपल्या पायांकडे बघत होते. थोड्या वेळानं अक्कानं मागून हात पुढं केला आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला. तो त्यांना कळला. त्यांनी मागं वळून बघितलं नाही, फक्त गाल कलता करून त्या हातावर टेकवला, आणि वालचंदनगर येईपर्यंत तसाच ठेवला.