बाहेरून लावलेलं कुलूप

दहावीच्या पोरांसाठी आईबापांनी काय करावं, यावर आमचे अण्णा आजही कुणालाही तासभर ऐकवतात. "पोरीच्या अभ्यासाच्या वेळी आम्ही घरात माणूस शिरू दिला नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

अण्णा चितेगावला कंपनीत, आम्ही शहरात पैठण रोडजवळ दोन खोल्यांत आणि सगळा गोतावळा देवगाव रंगारीला. गावचा माणूस दवाखान्याला येवो, कोर्टाच्या तारखेला येवो, नाहीतर नुसतं बियाणं घ्यायला, उतरायचा आमच्याकडेच. अण्णांनी मला टेबल आणलं, गाइडं आणली, शिकवणी लावली, सगळं खरं. पण उंबऱ्यात पाहुणा दिसला की हाक मलाच, "चहा टाक गं." वर पाहुण्यांसमोर उभं करून इंग्रजी कविता म्हणायला लावायचे, ते वेगळंच. त्या टेबलावर माझ्या वह्यांपेक्षा पाहुण्यांच्या पिशव्याच जास्त दिवस राहिल्या. माझं बीजगणित कच्चं होतं. नापास झाले असते तर मला कुणी पुन्हा परीक्षेला बसवणार नव्हतं, कारण स्थळं यायला लागलीच होती.

आणि गणिताच्या पेपरच्या आदल्याच दिवशी चुलत बहिणीच्या लग्नाचा बस्ता ठरला. गुलमंडीच्या बाजारात सगळ्या भावकीची कापडं घ्यायची, म्हणजे जेवण आणि मुक्काम आमच्याकडे. अण्णांनी आनंदानं मान डोलावली. माझा पेपर त्यांच्या लक्षातही नव्हता.

चौथी शिकलेल्या माझ्या आईनं शेजारणीला सांगून सैपाक तिच्याकडं ठरवला. त्या दिवशी सकाळी तिनं भाकरी आणि पाण्याचा तांब्या माझ्याजवळ ठेवला, बाहेरून कुलूप लावलं आणि शेजारच्या ओट्यावर जाऊन बसली. दुपारी अण्णा आणि भावकीला घेऊन जीप दाराशी थांबली. मी आतून ऐकत होते.

"पोरगी घरात हाय म्हनता, मग कुलूप कशापायी?" थोरल्या काकांचा आवाज.

या थोरल्या दिरासमोर आईनं लग्न झाल्यापासून तोंड उघडलं नव्हतं.

"उद्या गणित हाय तिचं. सैपाक हितं शेजारी केलाय भाऊजी. बसा, जेवून घ्या."

"किल्ली दे," अण्णा म्हणाले. "लोकं काय म्हनतील?"

"म्हनू द्या. सांजंपर्यंत किल्ली नाय मिळायची."

काका पाणीही न पिता निघून गेले. त्या लग्नात आईला मानाची साडी मिळाली नाही, की कुणी पंगतीला बस म्हटलं नाही. पुढं कितीतरी वर्षं जावा तिच्याशी कामापुरतंच बोलत. अण्णांनी तिची बाजू एकदाही घेतली नाही. उलट काकांकडं जाऊन, "बायकांना काय कळतं," म्हणून माफी मागून आले.

मी चांगल्या मार्कांनी पास झाले. गावात सत्कार ठेवला. शाल-श्रीफळ अण्णांना, आणि ते दिलं थोरल्या काकांनी! आई मागं बायकांत बसली होती. मग माईक माझ्या हातात आला. सांगायला सगळं ओठांवर होतं. पण काका समोर, अण्णा शेजारी, आणि मी म्हणाले, "वडिलांनी घरात शांतता ठेवली, म्हणूनच हे जमलं."

आईनंही टाळ्या वाजवल्या. अण्णा आज जे सांगत फिरतात, ते त्यांना मीच शिकवलं.