मेहुण्याचे साहेब

एका माणसाला दुसऱ्या माणसाकडून किती छळून घेता येतं, याची कमाल मर्यादा आमच्या मेहुण्यानं ठरवून दिली आहे, आणि तीही अत्यंत प्रेमानं. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. २००३ साली म्युनिकला तत्त्वज्ञानात पीएच.डी. करायला आला आणि खोली मिळेपर्यंत म्हणून जवळच्याच उंटरश्लाइसहाइम गावात आमच्याकडे उतरला. दोन आठवडे, असं ठरलं होतं. पाच वर्षं राहिला.

त्याचा विषय होता तीनशे वर्षांपूर्वीचा एक जर्मन तत्त्वज्ञ. त्याचं नाव घरात कोणी घेत नसे. मेहुणा 'आमचे साहेब' म्हणायचा, जणू हा त्यांच्या हाताखाली कारकून होता. ईश्वराला जी जगं निर्माण करणं शक्य होतं, त्यांतलं सर्वांत उत्तम ते हेच, असं साहेबांचं मत. त्यामुळे दूध उतू गेलं, माझी एस-बान, म्हणजे इथली लोकल, चुकली, की सोफ्यावरून आवाज यायचा, "भाऊजी, याहून बरं शक्यच नव्हतं." दुधाकडे लक्ष ठेवायला यालाच सांगितलेलं असे, हे बोलून उपयोग नव्हता. साहेब म्हणत, अख्ख्या बागेत अगदी सारखी दोन पानं सापडणार नाहीत. याची खात्री करायला हा माझ्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन निघाला, आणि आमचा दिवाणखाना महिनाभर पानांनी भरून राहिला. दोघं भिंग लावून भांडत. हा मराठीत, ती जर्मनमध्ये. साहेबांना एकदा राजघराण्याचा इतिहास लिहायचं काम मिळालं, तर त्यांनी पृथ्वी कशी घडली इथून सुरुवात केली आणि ग्रंथ अपुरा ठेवून ते वारले. मेहुण्याला मी, तळघरातलं वॉशिंग मशीन बिघडलंय, अशी दोन ओळींची चिठ्ठी घरमालकाला लिहायला सांगितली. अकरा पानं झाली. मशीन सातव्या पानावर आलं.

प्रबंधाचंही तेच. सगळं लिहून झालं होतं. फक्त शेवटचं प्रकरण, हेच जग सर्वोत्तम का, ते तीन वर्षं अडकून बसलं होतं. अखेर प्राध्यापकांनी निर्वाणीचं कळवलं. शुक्रवारी बाराच्या आत प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे पाठोपाठ व्हिसाही गेला. त्या आठवड्यात मी चांगलंच तोंडसुख घेतलं. एका प्रकरणाला तीन वर्षं लागतात ती विचारांनी नव्हे, आळसानं, असंही म्हणालो. तो नुसता "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणून खोलीत गेला.

शुक्रवारी मी रजा टाकून त्याला गाडीत घातलं. कचेरीतल्या बाईंनी बाराला आठ मिनिटं असताना शिक्का मारला. परतताना सिग्नलला थांबलो, तेव्हा मी कौतुकानं आमच्याकडची प्रत उघडली, तर त्यात शेवटचं प्रकरणच नव्हतं.

"काढून टाकलं," तो म्हणाला. "आई गेली तेव्हा लिहायला घेतलं होतं, भाऊजी. आपण तिकडे पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यानंतर हात धजेना."

"मग बोलला का नाहीस?"

"कुठे बोलणार? घरात ताई असायची. तीही नव्हती ना पोचली."

सिग्नल हिरवा झाला. मी गाडी पुढे घेतली नाही, आणि मागच्या जर्मनानंही, का कोण जाणे, हॉर्न वाजवला नाही.