मालिकेतले डॉक्टर

इस्लामपूरच्या एसटी स्टँडवर आईनं त्यांना ओळखलं. नाव मलाही ठाऊक नव्हतं. मालिकांत ते नेहमी डॉक्टर असायचे. आईनं थेट मनगट पुढं केलं. "बीपीच्या गोळ्या सोडल्यात मी. बघा की जरा."

मी ओशाळलो. त्यांनी मात्र पिशवी खाली ठेवली आणि घड्याळाकडं बघत नाडी धरली. "आवं आक्का, तुमच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी चुकवायची न्हाई."

माझं वर्षभर न ऐकणारी आई "व्हय" म्हणाली.

मी आभार मानले, तर ते हळूच म्हणाले, "वीस वर्सं 'सॉरी, आम्ही वाचवू शकलो नाही' एवढंच बोलतोय. आज पयल्यांदा पेशंट घरी चाललाय."

आई आता रोज गोळी घेते. टीव्हीवर ते मान खाली घालून ऑपरेशन थिएटरातून बाहेर आले, की म्हणते, "खोटं बोलत्यात. मला न्हाई व्हय वाचवलं?"