मांडव नसलेला धवळा

आमचं रेडिओ केंद्र म्हणजे शहापुरातली एक खोली, भिंतींना घोंगड्या आणि गच्चीवर काठीएवढा अँटेना. आवाज सापगावपर्यंत स्वच्छ पोचायचा, शेणव्याला खरखरत. केंद्रावर कुठली गाणी लावायची, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाकीच्यांना कामं होती.

मी फॉर्म घेऊन आटगावपर्यंत घरोघर फिरलो. लोकांनी चहा दिला आणि 'काय पण लावा, चांगलंच असंल' म्हणाले. कुणाच्याच घरात रेडिओ नव्हता. तरुण पोरं तर कानातले इअरफोन काढायलाही तयार नव्हती. तेव्हाच गाशा गुंडाळायला हवा होता. पण माझ्या डोक्यात धवळे बसले होते.

शेणव्याजवळच्या आमच्या गावात एक मावशी लग्नात धवळे, म्हणजे हळदीची जुनी गाणी, गायची. गावातल्या प्रत्येक नवरीला हळद लागली ती हिच्याच गाण्यावर, माझ्या आईलासुद्धा. तिच्याशिवाय ते कुणाला येत नव्हते. मी तिला केंद्रावर बोलावलं. ती म्हणाली, "मांडवाबिगर धवळा गात नाय रे. आन् नवरा-नवरीची नावं लागतात."

मी खोटं बोललो. मित्राचं लग्न आहे, लांब आहे, हळदीच्या दिवशी आम्ही रेडिओवर लावू, तिकडची माणसं ऐकतील, असं सांगितलं. घाईत सुचली ती दोन नावं दिली. मांडवाला बांधतात तशी उंबराची फांदी माइकच्या स्टँडला बांधली. तेवढ्यावर तिचं समाधान झालं. डोक्यावर पदर घेऊन ती तासभर गायली आणि प्रत्येक धवळ्यात ती दोन नावं ओवत गेली. शेवटी दोघांना आशीर्वाद दिला. मला फार आनंद झाला होता, हे कबूल करायला आज लाज वाटते.

केंद्राच्या समितीने दोन मिनिटं ऐकलं. "एकच चाल आहे, लोक बंद करतील," असं ठरलं. सकाळी जुनी हिंदी, संध्याकाळी हळदीची डीजे गाणी. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. भांडायची माझी धमक नव्हती, आणि ऐकणारं कुणी नाही हे फॉर्म घेऊन फिरलेल्या मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

ऐकणारं एक माणूस होतं. मावशीने जुन्या रेडिओत नवे सेल घातले होते. मी हळदीचा म्हणून सांगितलेल्या दिवशी ती सकाळपासून खरखर ऐकत बसली होती, आणि पुढेही कितीतरी दिवस. हे मला चार महिन्यांनी गावात गेल्यावर कळलं, कारण शेजारच्या लग्नात ती आली नाही. मी तिच्या घरी गेलो.

"मी गायलेलं लगीन मोडलं," ती म्हणाली. "आता कोणच्या तोंडानं मांडवात जाऊ?"

तिच्या मनावरचं ओझं उतरेल म्हणून मी खरं सांगून टाकलं. लग्न नव्हतंच, नावंही खोटी होती. तिने रेडिओतले सेल काढून ठेवले.

"मंग मी हळद कोणाला लावली रे?"

त्यानंतर ती कुठल्याच लग्नात गायली नाही. तिचे सगळे धवळे माझ्या फोनमध्ये आहेत. ते लावायला माझा हात होत नाही. पहिल्याच ओळीत ती दोन नावं येतात.