दाजींचा कॅमेरा आणि म्हशीचं नाव

आमच्या घरात वस्तू टाकून द्यायची पद्धत नाही. पद्धत म्हणजे नवऱ्याची. बैल विकून बारा वर्षं झाली तरी जुवाच्या शिवळा, म्हणजे खुंट्या, माळ्यावर आहेत. विहिरीवरची जळालेली मोटार गोठ्यात आहे. तिच्या आडोशाला कोंबडी अंडी घालते, म्हणून ती ‘कामाची’ आहे. फवारणी पंपाचे तीन पट्टे आहेत, पंप एकही नाही. असा माणूस यंदाच्या उन्हाळ्यात जेवता जेवता म्हणाला, “तो कॅमेरा देऊन टाक भंगारवाल्याला. नवा घेऊ.”

माझा घास हातातच राहिला. ‘देऊन टाक’ हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

कॅमेरा म्हणजे मुठीत पट्टा अडकवून, डोळ्याला लावून शूटिंग करायचा, आत बारीक कॅसेट घालायचा तो. माझ्या नणंदेचे मिस्टर लष्करात होते, त्यांनी तो आणला होता. त्यांना सगळं घर दाजी म्हणतं, मीही म्हणते. आमच्या लग्नाचं शूटिंग त्यांनीच केलं. पुढे मुलगी झाली तेव्हा त्यांनी स्वतःसाठी मोठा कॅमेरा घेतला आणि हा आम्हाला दिला. त्याला खोडी पहिल्यापासून होत्या. लांबचं जवळ आणायचं बटण दाबलं की जवळ यायचं, पण परत लांब जायचं नाही. मुलीच्या बारशाच्या शूटिंगमध्ये पाऊण तास फक्त माझ्या चुलत सासूबाईंची नथ आहे. नंतर नंतर माणसं हिरवी दिसायला लागली. तेही आम्ही चालवून घेतलं. हिरवी का होईना, माणसं ओळखू येत होती.

यंदाचा बिघाड वेगळा होता. कॅसेट आत गेली आणि बाहेर येईना. आणि ती कॅसेट आमच्या लग्नाची होती.

इथे थोडं मागे जायला हवं.

आमच्याकडे नवरी सासरच्या दारात आली की नणंद दार अडवते. दोघांनी उखाण्यात नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाही. मी नांदूरघाटाहून येताना गाडीत अकरा वेळा घोकलेला उखाणा धडाधड म्हणून मोकळी झाले. मग यांची पाळी. माझी मान खाली, पदर नाकापर्यंत. मला दिसत होते फक्त यांचे पाय. नवे बूट चावत होते म्हणून एक पाय दुसऱ्यावर ठेवून हे उभे होते. हे म्हणाले,

“नेकनूरच्या बाजारातून आणली मेथीची जुडी...”

मग घसा खाकरला. आणि मग खणखणीत आवाजात नाव आलं. ते माझं नव्हतं. ते यांच्या म्हशीचं होतं. पुढे ‘संगं आलोय दारात, काढा आता कडी’ हे कुणालाच ऐकू आलं नाही, कारण अख्खा मांडव हसत सुटला.

म्हशीच्या आणि माझ्या नावातलं शेवटचं अक्षर एकच आहे, एवढं सांगते. नावं सांगत नाही. माझं गावाला माहीत आहे, आणि म्हशीच्या लेकी-नाती अजून गावात आहेत, त्यांची उगाच बदनामी नको.

तर हे हत्यार मला माप ओलांडायच्या आधीच मिळालं. ते मी सव्वीस वर्षं वापरलं. घराला पोपटी रंग द्यायचा यांचा विचार होता. मी म्हटलं, ज्याला बायको आणि म्हैस यातला फरक कळत नाही त्याला रंगातलं काय कळणार. पांढरा दिला. एकदा ग्रामपंचायतीला उभं राहायचं डोक्यात आलं. चार जण ओसरीवर येऊन बसले, चहा झाला. मी आतूनच विचारलं, “भाषणात गावाचं नाव घ्यायचं का गोठ्यातलं?” चौघंही चहात हसले. अर्ज भरला गेला नाही. ते बरंच झालं, तो भाग वेगळा.

पहिल्या वर्षी हे भांडायचे, “मी तुझंच नाव घेतलं, देवाशपथ!” दहाव्या वर्षी, “तुझंच घेतलं आसंल की.” अलीकडे सरळ शेताकडे निघून जायचे. माझ्या बाजूने साक्षीदार पक्का होता. दाजी दर भाऊबीजेला नणंदेला घेऊन आले की विषय निघायचाच, आणि दाजी मिशीवर हात फिरवून सांगायचे, “वहिनी खरं बोलतात. मी सोता तिथं उभा होतो, कॅमेऱ्यामागं. म्हशीचंच नाव आलं.”

“मग कॅसेट दाखवा की,” हे म्हणायचे.

“आता ती कुठं सापडायची? बदल्या लई झाल्या आमच्या.”

ती यंदा सापडली. मुलीचं लग्न ठरलं, नणंद ट्रंकेतून शालू काढायला गेली आणि शालूच्या घडीत कॅसेट. तिने ती दाजींना न विचारता माझ्याकडे पाठवून दिली. मुलीचा पुण्याहून फोन आला, “आई, हळदीला पडद्यावर लावायचंय, पप्पांचा तो म्हशीवाला उखाणा पाठव.” यांनी कॅसेट कॅमेऱ्यात घातली. कर्रर्र आवाज झाला, काचेवर इंग्रजी अक्षरं लुकलुकली, आणि सगळं बंद. झाकण उघडेना. यांचा चेहरा मी तेव्हाच पाहिला होता. पाटबंधारेवाल्यांची जीप आमच्या शेतावर न थांबता पुढच्या गावाला निघून गेली की तो असा सुटल्यासारखा होतो.

आणि दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणे, देऊन टाक.

“मी रिपेर करून आणते,” मी म्हटलं.

“कावून? नव्यात फोटो चांगले येतेत.”

“नव्यात ही कॅसेट जाते का?”

“न्हाई जात तर न्हाई. काय सोनं हाय का त्याच्यात?”

आधी चौसाळ्याला मोबाइलच्या दुकानात नेला. दुकानदाराने तो उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, “काकू, याच्यात सिम कुठं टाकायचं?” मी कॅमेरा परत पिशवीत टाकला आणि बीडची बस धरली.

बीडला एका बोळात जुने टीव्ही, टेप दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. डोळ्याला भिंग लावलेलं, आणि समोर इतके स्क्रू की त्यांनी उडदाची डाळ निवडायला घेतली आहे असं वाटावं. त्यांनी कॅमेऱ्याचा कान उघडला आणि आत फुंकर मारली.

“ताई, आत एक बारीक दातेरी चाक हाय. त्याचे दात पडले. म्हातारं झालं.”

“कवळी बसते का?”

“नवं चाक मागवावं लागंल. आठ दिवस. पण थांबा, हातानं फिरवून बघतो.”

त्यांनी चिमट्याने काहीतरी धरून हळूहळू फिरवलं. कॅमेऱ्याची छोटी काच उजळली. त्यात आधी कुणाचं तरी धोतर गेलं, मग आचारी, मग पुन्हा तेच धोतर. मग आमचं दार आलं. दारात नणंद हात पसरून. समोर एक लाल गाठोडं, म्हणजे मी. शेजारी हे, बुटांवर बूट ठेवून, काडीसारखे. मी कानात वायर घातली.

“नेकनूरच्या बाजारातून आणली मेथीची जुडी...” घसा खाकरला. आणि मग यांनी नाव घेतलं. हळू, पण स्वच्छ. माझं.

त्याच क्षणाला कॅमेऱ्याच्या अगदी मागून, माझ्या कानठळ्या बसतील अशा आवाजात, दाजी ओरडले. म्हशीचं नाव घेऊन ओरडले. चित्र हललं, आभाळ दिसलं, कुणाच्या चपला दिसल्या आणि मग दिसली म्हैस. मांडवाच्या दाराला बांधलेल्या केळीचं पान तोंडात अर्धं आत, अर्धं बाहेर. मांडव हसत होता तो तिला.

“अजून एकदा फिरवा,” मी मिस्त्रींना म्हटलं.

त्यांनी फिरवलं. म्हशीने पुन्हा तेच पान खाल्लं.

आता मला समजलं. त्या दिवसापर्यंत मी यांची एकूण चार वाक्यं ऐकली होती, त्यातली दोन प्यायच्या पाण्याबद्दल होती. आवाज कसा ओळखणार? आणि पदराआडून म्हैस कशी दिसणार? यांचं सगळं ध्यान उखाण्याच्या पुढच्या ओळीत आणि चावणाऱ्या बुटांत, मागे कोण ओरडलं ते यांना कळलंच नसणार. ज्यांना दिसली, त्यांना ‘नवरदेवाने म्हशीचं नाव घेतलं’ हीच गोष्ट जास्त आवडली. मलाही आवडली होती, खोटं कशाला बोलू.

मिस्त्रींनी चिमटा काढला तशी काच विझली. “बोला ताई. चाक मागवू, का झाकण फोडून कॅसेट काढून देऊ? कॅमेरा मग भंगारात. कॅसेट ठेवा आठवण म्हणून, पण बघायला काई मिळायचं न्हाई.”

म्हणजे ‘फोडा’ एवढा एक शब्द तोंडातून काढला की माझं हत्यार शाबूत. नवा घेऊ, असं खुद्द नवराच म्हणत होता. अशी सोय देव रोज करत नाही. मी मिस्त्रींना म्हटलं, “ठेवा इथंच, फोन करून सांगते,” आणि बसस्टँडवर येऊन दोन वडे खाल्ले. मोठा निर्णय उपाशीपोटी घेऊ नये.

घरी आले तर हे ओसरीवर, न विचारता पाण्याचा तांब्या घेऊन उभे.

“काय म्हणला?”

“होतोय रिपेर.”

हे खाली बसले. बराच वेळ पायातलं कुसळ शोधत राहिले. पायात कुसळ नव्हतं.

“हे बघ,” म्हणाले, “मी घेतलं आसंल म्हशीचं नाव. सगळेच हसले म्हंजे मीच चुकलो आसंल. खरं सांगू, मलाच आठवत न्हाई आता. चुकलो, कबूल. पण ते व्याह्यांपुढं पडद्यावर नको लावू.”

सव्वीस वर्षं मी या एका वाक्यासाठी टपून बसले होते, आणि ते मिळालं तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता. मी म्हटलं, “बरं,” आणि स्वयंपाकाला लागले.

दोन दिवस मी म्हशीचा विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी हे पत्रिका छापायला निघाले तेव्हा सवयीने माझ्या तोंडून निघालं, “नवरीचं नाव नीट सांगा, गोठ्यातलं सांगू नका.” हे म्हणाले, “हो, लिहूनच दे बाई.” आणि खरंच कागद पुढे केला. मी नाव लिहून दिलं. मजा आली नाही. टोमणा खरा असतो तोवर त्याला मीठ असतं. खोटा आहे हे आपल्याला माहीत असलं की अळणी लागतो, आणि अळणी जेवण मला जमत नाही. मी मिस्त्रींना फोन लावला आणि चाक मागवायला सांगितलं.

पुढच्या रविवारी दाजी आणि नणंद बस्त्याचं ठरवायला आले. जेवणं झाली. मी कॅमेरा वायरीने टीव्हीला जोडला. दाजींनी कॅमेरा ओळखला आणि त्यांचं पान चघळणं थांबलं.

“चालतो का अजून? आवाज तरी येतो का?”

“लई स्वच्छ येतो,” मी म्हटलं.

हे उठून दाराकडे निघाले होते. मी म्हटलं, “बसा.” बसले. डोळे मिटून बसले.

उखाणा झाला. यांनी माझं नाव घेतलं. दाजींनी म्हशीचं घेतलं. पडदाभर म्हैस पान खात उभी राहिली. यांनी एक डोळा उघडला.

नणंदेचं लक्ष भलतीकडेच होतं. “अहो, ते मागचं फाटक उघडंय की! तुम्हाला मी लावायला सांगितलं होतं. खांबाच्या केळी खाल्ल्या म्हणून आमच्या वडलांनी सालगड्याला किती बोल लावला, अन् तुम्ही शेजारी उभं राहून मान हलवत होता!”

“वरात सोडून फाटकं लावत बसू काय?” दाजी म्हणाले. “अन् ओरडलो म्हणून थांबली, न्हाईतर वहिनीच्या डोक्यावरचा गजरा खाल्ला आसता. उपकार माना.”

“आणि सव्वीस वर्षं साक्ष काय देत होता, दाजी?” मी विचारलं.

“मी खोटं कुठं बोललो? म्हशीचंच नाव आलं म्हणलं. कुणी घेतलं हे तुम्ही विचारलंच न्हाई कधी.”

यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. चौथ्या वेळी उठले, बाहेर जाऊन म्हशीच्या पणतीला पेंड घातली, आणि परत येऊन दारातच उभे राहिले. नणंदेने दार अडवलं होतं तिथेच.

“कॅमेरा तर झाला,” मला म्हणाले. “आता तुझ्या कानाचं काय करायचं? रिपेर का नवे घेऊ?”

दाजी सगळ्यात मोठ्याने हसले. त्यांनी हसायला नको होतं, पण त्यांची बुद्धी तेवढीच.

तेव्हापासून रोज हेच चालू आहे. कुकरची शिट्टी झाली की विचारतात, ऐकू आली का. हळदीला पडद्यावर ती क्लिप लागली आणि व्याह्यांनी यांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. पुढची पंचायत निवडणूक कधी आहे, हे यांनी परवा कुणाला तरी फोनवर विचारलं.

मी दुपारी सगळे शेतात गेले की कॅसेट लावून बसते. लग्न पूर्ण सव्वा तासाचं आहे, आणि माणूस सव्वा तासात एकदाही चुकत नाही असं होत नाही. काल मंगलाष्टकांपर्यंत पोहोचले. अंतरपाटाच्या पलीकडे यांची मान जरा जास्तच खाली वाटते. डुलकी असावी. मिस्त्री म्हणाले, नवं चाक अजून दहा वर्षं जाईल.